सरळ जाणारा नंदी

सिंधूताई : नाई भाऊजी, खाली नाई ठेवत मी. तुमी हातात घ्या. दोन वर्षं तुमच्या कारखान्याची पायरी चढली नाई, ते काही पिशवी भुईवर ठेवून जायले नाई आली.

रुपराव : वैनी, माह्ये हात ग्रीसनं भरले हाये. आज पोळा, उद्या तान्ह्या पोळ्याची शर्यत, ह्या लाकडाच्या नंदीची चेन अजून लागाची हाये. ह्या टायमाले काय घेऊन आल्या तुमी?

सिंधूताई : आस हाये. तुमच्या नंदीचा. तुमच्या दादानं केला.

रुपराव : माह्या नंदीले आस हाये. हा पाहा. पक्क्या लोखंडाचा. दोन्ही चाकं ठोकून बसवले. वर हत्ती उभा करा, हलणार नाई.

अंजनाबाई : अवो, आधी त्यायले बसा तर म्हणा! सख्खी भावजय दारात उभी अन् हे हत्तीच्या गोष्टी सांगून राहिले. बाई, तुमी इकडं या. त्या रिक्षाच्या सीटवर बसा, नवी हाये, डाग नाई लागत. चहा टाकते मी.

सिंधूताई : चहा नको वं अंजना. त्यायले एकटं सोडून आली. शेजारच्या इंदूबाईले बसवलं जवळ, पण तिले घरी पुरण शिजवाचं हाये. किती वेळ बसन ते?

अंजनाबाई : कशी हाये आता ह्यायच्या दादाची, भासऱ्यायची तब्येत?

सिंधूताई : तशीच. चैतात झटका आला तवापासून उजवा हात अन् वाचा, दोन्ही गेले ते गेलेच. डाव्या हातानं सांगते काय पाह्यजे ते. पाणी, चष्मा, खिडकी उघड, खिडकी लाव. समजलं नाई की रागावते. राग तेवढा पहिल्यावानीच हाये.

रुपराव : मी आलो होतो दवाखान्यात.

सिंधूताई : आले होते. बाहेरच्या बाकावर बसून गेले. मले नर्सनं सांगतलं.

रुपराव : आत येऊन काय करत होतो? त्यायनं मले पाहून तोंड फिरवलं असतं.

सिंधूताई : फिरवाले मान वळली पाह्यजे होती ना भाऊजी. आठ दिवस तीही वळत नव्हती.

अंजनाबाई : घ्या. बोला आता.

रुपराव : तू चूप बस वं. आणा वैनी, पाहू द्या काय हाये ते. हं. जड हाये. दादाचंच काम. पाहा, रंधा मारल्यावानी गुळगुळीत केलं लोखंड. पितळेची बुश घातली चाकात. पण हे तर... हात्तेरी! हे तर तेच हाये. एक चाक पक्कं, एक चाक मोकळं. तोच जुना रिक्षाचा आस. एवढं बोलून-सांगून झालं, तरी तेच!

सिंधूताई : मले काय त्यातलं समजते? मी खाप्याची, माह्या बापाची नदीकाठी भाजीची वाडी. मले वांगं समजते, आस नाई समजत.

रुपराव : वांग्याएवढंच सोपं हाये. नंदीच्या पोटात मोटर हाये, अ‍ॅम्बेसेडरच्या वायपरची. ते चेन फिरवते, चेन आस फिरवते. माह्या आसाले दोन्ही चाकं पक्के. दोन्ही जोडीनं फिरते, म्हणून नंदी नाकासमोर सरळ जाते. वळत नाई. काहून, का वळताना बाहेरच्या चाकाले जास्त पळा लागते अन् आतल्याले कमी. एकात एक पाय बांधलेले दोन माणसं कसे वळतीन? तसं.

सिंधूताई : अन् यायचा आस?

रुपराव : दादाच्या आसात एकच चाक जुंपलेलं. दुसरं मोकळं, आपल्या मर्जीनं फिरते. आपल्या साऱ्या सायकल-रिक्षायले असंच असते, म्हणून त्या आपल्या महाल मोहल्ल्याच्या बोळात वळते. नंदी पण वळते झकास. पण सरळ जात नाई. एकाच अंगानं ओढ बसते, ते तिकडं तिकडं सरकत जाते. अन् आपली गल्ली नालीकडं उतरती. मग काय होते?

अंजनाबाई : नालीत जाते. सांगा ना, लाजता काहून? साऱ्या महालानं पाह्यलं.

सिंधूताई : मी पण होती त्या वर्षी. शिंगापर्यंत बुडला होता.

अंजनाबाई : अन् भासरे वरून म्हणे, जाऊ द्या गा, तहान लागली होती त्याले!

सिंधूताई : हसत होते. घरी आल्यावर पण हसत होते. हे भाऊजीच नव्हते हसत.

रुपराव : कसा हसू? रात रात जागून दोघायनं मिळून केला. त्यायनं लाकूड, मी लोखंड. बाप बैलायच्या दमण्या, हलक्या गाड्या करत होता, त्याच्या हाताखाली शिकलो दोघं. अन् मंडळाच्या लोकायसमोर, बँडवाल्यासमोर, नंदी नालीत. तवाच मी म्हणलं, दादा, दोन्ही चाकं पक्के करू. सरळ जाईन, पहिला येईन. तर म्हणे नाई.

सिंधूताई : ते म्हणत, पोळ्याचा बैल घरोघरी गेला पाह्यजे. बोजारा, ओवाळणीचे पैसे मागाले दारात वळत नाई तो बैल कायचा? तो रोडचा रूळ हाये.

रुपराव : हाव. रूळ म्हणले. माह्या कामाले रूळ म्हणले.

अंजनाबाई : अन् तुमी काय म्हणलं? तुमचा नंदी नालीत शोभते म्हणलं. मी उभी होती तिथं, मले शिकवू नका. आधी एक कारखाना होता, त्याचे दोन झाले. मधात टिनाचा पत्रा ठोकला. कायच्यापायी? एका दांड्यापायी.

सिंधूताई : झालं ते झालं अंजना. मले उकरून काढाचं नाई. पण भाऊजी, पुढच्या वर्षी तुमचा नंदी पहिला आला, ते तुमाले आठवते तसं मले पण आठवते. बँड वाजला. चौकातून तुमी आमच्याकडं निघाले. मी ताट घेऊन ओट्यावर, हे नवं धोतर नेसून. एवढा अबोला, पण म्हणे, रूपा पहिला आला वं, आता आपल्या दारी येईन, करंज्या काढ.

रुपराव : मी कासरा ओढला वैनी. देवाच्यानं सांगतो, हात सोलले माह्ये. मान वळली, मानेखालचं पुढचं चाक वळलं, पण मागचं ऐकाले तयार नाई.

सिंधूताई : मान वळली. आमच्याकडं पाह्यलं त्यानं. अन् पाहत पाहत समोर निघून गेला.

अंजनाबाई : लोकं खिदळले ना बाई. धाकट्याचा नंदी ओळख देऊन गेला म्हणे.

सिंधूताई : हे ताट माह्या हातातून घेऊन आत गेले. 

रुपराव : अन् संध्याकाळी मी नाई आलो काय? एवढा मोठा लाकडाचा नंदी, बॅटरीसकट, मी अन् अंजना, दोघं उचलून आणला तुमच्या पायरीपर्यंत. कंबर धरली होती माही. दार लावून घेतलं त्यायनं.

सिंधूताई : लावता लावता काय बोलले ते आठवते?

रुपराव : आठवते. "उचलून आणलेला बैल मले नाई पाह्यजे. आपल्या पायानं येईन तवा ये." सख्ख्या भावाले असं बोलते कोणी?

अंजनाबाई : दोघंही एका बापाचे. तुमचा आस वाकत नाई, त्यायची मान वाकत नाई. आमी दोघी मधात ताटं घेऊन उभ्या.

सिंधूताई : मागच्या वर्षी पण तुमीच पहिले आले. बँडचा आवाज आला तशी यायनं खिडकी लावली. मी म्हणलं, आता हे काही सुटत नाई. पण दिवाळी झाली अन् पत्र्यापलीकडं पुन्हा काही घासणं सुरू झालं. मले वाटलं रिक्षाचं काम असन. फागणात मी विचारलं, एवढं काय घासून राहिले? तर म्हणे, रूपाच्या नंदीचा आस. मी म्हणलं, माप कुठून घेतलं? तर भिंतीवरच्या फरम्याकडं बोट केलं. तो लाकडाचा फरमा, पहिल्या नंदीच्या वेळी तुमी दोघायनं मिळून कापलेला. तुमचा नंदी त्याच मापाचा हाये म्हणे अजून.

रुपराव : हाये त्याच मापाचा. मी कुठं बदलला?

सिंधूताई : मग बसन ना?

रुपराव : बसन का नाई ते कोणाले माहीत? ठोकून-ठाकून बसवता येईन. बसण्याचा प्रश्नच नाई वैनी.

सिंधूताई : यायले ठोकलेलं चालत नाई. हातोडी लागली म्हणजे माप चुकलं म्हणते.

रुपराव : मले माहीत हाये काय म्हणते ते. माह्या बोटावर छडी मारून शिकवलं हाये.

सिंधूताई : भाऊजी, आता रोज एकच चाललं हाये. सकाळी उठले की ह्या पिशवीकडं बोट दाखवते. मग उजव्या हाताची मूठ मले वळून द्या लागते. त्या मुठीत डाव्या हाताचं बोट घालते, काढते. घालते, काढते. अन् दाराकडं पाहते. मी म्हणते, पाणी? नाई. लघवीले? नाई. पुन्हा बोट घालते, काढते. शेवटी काल मी म्हणलं, पिशवी रूपाले नेऊन देऊ काय? तर डोळ्यातून पाणी आलं.

रुपराव : बोल्ट कसा घालाचा ते सांगत असन. अजूनही मले शिकवूनच राहिले.

अंजनाबाई : पिशवी पुरी उघडून तर पाहा. बुडाशी अजून काही हाये, चिंधीत बांधलेलं.

रुपराव : तेच ते, बोल्टं असन. तू चहा टाक ना वं, केव्हाची टाकते टाकते म्हणून राहिली.

सिंधूताई : नको वं. मी जाते. भाऊजी, मी मागाले आली. उद्या सकाळी मारबतीची मिरवणूक गेली का त्यायले ओट्यावर बसवणार हाये. डॉक्टर नको म्हणते, तरी बसवणार. दोन माणसं सांगून ठेवले उचलाले. उद्या तुमचा नंदी आमच्या दारी येऊ द्या. आपल्या पायानं. एवढंच.

रुपराव : म्हणजे हा आस बसवू?

सिंधूताई : बसवा.

रुपराव : आज, आता? चेन काढा, मोटर काढा, चाकं उतरवा. बरं ते करीन, पोळ्याच्या दिवशी करीन, तुमच्यासाठी करीन. पण उद्या शर्यतीत? वैनी, उद्या तिसरं वर्ष हाये. तीन वर्षं लागोपाठ पहिला आला का ढाल कायमची घरी. मंडळानं माह्यं नाव पेंटरले सांगून ठेवलं. अन् उद्याच मी तो नालीत जाणारा आस लावू? लोकं काय म्हणतीन?

अंजनाबाई : लोकं दोन वर्षं काय म्हणून राहिले ते ऐकलं नाई काय तुमी?

रुपराव : तुले नाई समजत. तिकडं दादा, इकडं ढाल, मी काय कोणाचं वाईट करून राहिलो? मी फक्त एक वर्ष मागून राहिलो. वैनी, पुढच्या वर्षी. देवाच्यानं. एकदा ढाल घरी आली का मले शर्यतीशी काही घेणं नाई. पुढच्या तान्ह्या पोळ्याले हाच आस लावीन, नावही नाई देणार, सरळ तुमच्या दारी. दादा तवापर्यंत उठून बसले असतीन. स्वतः कासरा धरतीन, पाहा तुमी.

सिंधूताई : पुढच्या वर्षी.

रुपराव : हाव. वचन हाये.

सिंधूताई : बरं.

अंजनाबाई : बाई, बसा ना. झालाच चहा. आलं टाकलं.

सिंधूताई : राहू दे वं. पिशवी ठेवते हे खुंटीले. परत नेली तर त्यायले समजन.

रुपराव : काय सांगसान त्यायले?

सिंधूताई : सांगीन, भाऊजीच्या हातात दिली म्हणून. तेवढं तर खरं हाये.

(एक वर्षानंतर. तान्हा पोळा, दुपार. महालातल्या बोळात सिंधूताईचा ओटा. ओटा रिकामा आहे.)

सिंधूताई : थांबा, हात नका लावू भाऊजी! येऊ द्या. त्याचं त्याले येऊ द्या.

अंजनाबाई : अवो, कासरा हळू! कुंडी हाये तिथं, तुळशीची!

रुपराव : दिसते मले. सरक तू बाजूले. आला, वळला... पाहा वैनी, वळला.

सिंधूताई : आला वं माय. आला आपल्या पायानं.

रुपराव : बंद करू मोटर?

सिंधूताई : पायरीले टेकू द्या. हं. आता करा. अंजना, तो तांब्या दे. पाय धुते त्याचे.

अंजनाबाई : बाई, चाकं हाये त्याले.

सिंधूताई : चाकं तर चाकं. दारापर्यंत आले ना? कुंकू कुठं ठेवलं मी? हे घे, बोजारा. शिंगाले बांध. अन् ह्या करंज्या तुमच्यासाठी. तुमाले यायच्या हातच्यावानी नाई वाटणार, पण...

अंजनाबाई : भासरे कधी करंज्या करत होते?

सिंधूताई : कातण्यानं कापत होते. किनारी त्यायनंच कापाच्या, सारख्या. माही वाकडी जाते म्हणे. ह्या वर्षी साऱ्या वाकड्या हाये, तशाच खा. भाऊजी, चौकात शर्यत सुरू झाली असन ना? बँड वाजून राहिला.

रुपराव : नाव नाई दिलं.

सिंधूताई : अन् ढाल?

अंजनाबाई : माळ्यावर हाये. पोत्यात. आधी दाराच्या वर ठोकली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याले दिसली पाह्यजे म्हणून. भासरे गेल्यावर, तेरावं झालं अन् यायनंच उतरवली. मी विचारलं नाई, यायनं सांगतलं नाई.

रुपराव : वैनी, मी तुमाले काही दाखवाले आलो. नंदी तर आणलाच. पण हे पाहा. हात पुढं करा.

सिंधूताई : काय हाये? खिळा?

रुपराव : खीळ हाये. तुमी आणलेल्या पिशवीत होती. बुडाशी, चिंधीत बांधलेली. वर्षभर पिशवी खुंटीले लटकून होती. दादा होते तवा म्हणलं, पोळ्याच्या तोंडावर काढू. माघात दादा गेले, मग हात लावाची हिंमत नाई झाली. काल काढली. आस हातात घेतला तर मोकळ्या चाकाच्या तुंब्यात, मधल्या गोळ्यात आरपार भोक. म्हणलं, हे भोक कायचं? आसात पण भोक, त्याच जागी. मग चिंधी सोडली.

सिंधूताई : मले नीट सांगा.

रुपराव : ही खीळ त्या भोकात घातली का मोकळं चाक आसाले पक्कं होते. दोन्ही चाकं जोडीनं फिरते. माह्या आसावानी. नंदी सरळ जाते, नालीत जात नाई. अन् खीळ काढली का चाक पुन्हा मोकळं. नंदी वळते. काढाले किती वेळ लागते? तुमी कानातलं काढता तेवढा.

सिंधूताई : म्हणजे मागच्या वर्षी...

रुपराव : मागच्या वर्षी शर्यतीत खीळ घालून पळवला असता. पहिला आलो असतो. ढाल घेतली असती. चौकात खाली वाकून खीळ काढली असती अन् तुमच्या दारी वळलो असतो. दादा ओट्यावर बसून होते ना? त्यायच्यासमोर वळलो असतो. दोन्ही झालं असतं वैनी. मी तुमाले म्हणलं तिकडं दादा अन् इकडं ढाल. त्यायनं दोन्हीचं पाह्यलं होतं. माह्या जिंकण्याचं पण त्यायनंच पाह्यलं होतं.

सिंधूताई : मुठीत बोट घालत होते. अन् काढत होते.

रुपराव : हाव.

सिंधूताई : अन् मी पाणी विचारत होती.

रुपराव : तुमी तर मले जसंच्या तसं करून दाखवलं. लोखंडाचं काम माह्यं, समजाचं मले होतं. मी म्हणलं, बोल्ट.

अंजनाबाई : मी म्हणलं होतं, पुरी उघडून पाहा.

रुपराव : म्हणली होती. रोज म्हणत जा आता. जन्मभर म्हणत जा.

अंजनाबाई : नाई म्हणत. एकदा म्हणली. झालं.

सिंधूताई : भाऊजी, मले पण तुमाले एक सांगाचं हाये. सांगू का नको, वर्षभर मनात घोळून राहिलं. अंजना, तू पण ऐक. मागच्या तान्ह्या पोळ्याले हे ह्याच जागी बसून होते. बँड आला, लोकं आले, तुमचा नंदी आला. हे त्याच्या तोंडाकडं पाहत नव्हते. एका अंगावर झुकून चाकाखाली पाहत होते. मी धरून ठेवलं, नाईतर पडले असते. अन् त्यायले तो तुमचाच पक्क्या चाकायचा आस दिसला.

रुपराव : मी पाह्यलं त्यायले झुकताना. मले वाटलं, ते तोंड फिरवून राहिले.

सिंधूताई : मले वाटलं, आता रागावतीन. हात आपटतीन. रागावलेच नाई. आत आणलं, बाजीवर टेकवलं, तर डाव्या हातानं बाज मोजाले लागले. एक वीत, दोन वीत, मग चार बोटं. मान हलवली. पुन्हा पहिल्यापासून. मले समजाले गंज दिवस लागले. त्यायले वाटलं, आस बसला नाई.

रुपराव : बसला नाई?

सिंधूताई : माप चुकलं आपलं. म्हणून रूपानं नाई लावला. नाईतर मी केलेला आस रूपा लावणार नाई, हे कसं होईन? असंच धरून बसले. मी सांगतलं, अहो, ते ढालीचं हाये, पुढच्या वर्षी लावतो म्हणले, वचन दिलं. नाई. भिंतीवरचा फरमा मांडीवर घेऊन बसले. त्याच्यावर वीत ठेवत, बोटं ठेवत. कुठं चुकलं ते शोधत. त्यायचं कधी चुकत नव्हतं ना भाऊजी. साऱ्या महालात म्हणत, वामनरावाचं माप. अन् ते शेवटी... पुसात मीच तो फरमा लपवून ठेवला. तर रिकाम्या गोधडीवर मोजत.

अंजनाबाई : बाई, तुमी येऊन सांगतलं काहून नाई? दहा घरं सोडून तर राहतो आमी.

सिंधूताई : रागात होती मी. नाई कशाले म्हणू? ढाल मिरवत गेलेले पाह्यले अन् मनात म्हणलं, आता मेली तरी तुमच्या दारी पाय नाई ठेवणार. तेच मले खाते अंजना. एक खेप करून म्हणाचं होतं, भाऊजी, चला, एवढं त्यायच्या कानात सांगा, दादा, माप बरोबर हाये. खोटं सांगतलं असतं तरी चाललं असतं.

रुपराव : खोटं नव्हतं ते.

सिंधूताई : तवा मले काय माहीत?

रुपराव : तुमी बोलावलं असतं तर आलो असतो वैनी.

अंजनाबाई : आले असते. बाहेर पायरीवर बसून गेले असते.

रुपराव : तसंच केलं असतं. खरं हाये तुह्यं.

सिंधूताई : नका रडू भाऊजी. नंदी दारात हाये. पुसा तोंड. हा पदर घ्या, माह्या पदराले काय लाजता? लहान होते तवा ह्यालेच नाक पुसत होते.

रुपराव : तो फरमा कुठं हाये?

सिंधूताई : पेटीत. माह्या लग्नाच्या शालूखाली. न्याचा हाये काय?

रुपराव : नाई. राहू द्या तिथंच. मी फक्त विचारलं.

अंजनाबाई : पहिला आलेला नंदी चालला वाटते चौकातून. बँड इकडंच येऊन राहिला. बाई, ताट घेता काय त्याच्यासाठी?

सिंधूताई : घेईन. दारी आला तर घेईन. भाऊजी, एक विचारू?

रुपराव : विचारा ना.

सिंधूताई : काल तुमी आस बसवला. कुठी कापा लागलं? घासा लागलं?

रुपराव : नाई वैनी.

सिंधूताई : माह्या समाधानासाठी नका सांगू. मले खरं पाह्यजे.

रुपराव : हातोडी बाजूले काढून ठेवली होती मी. लागलीच नाई. नुसता हातानं सरकला.